एकोणीसपैकी तेरा

कौन्सिलचं पत्र आलं तेव्हा मी लॅबमध्ये
रबरी बाळाची नाळ बांधून दाखवत होते.
शिपाई म्हणाला, सही करा.
केली. दुसऱ्या हातात हातमोजा तसाच.

एकोणीस बसल्या, तेरा पास.
अडुसष्ट पॉइंट बेचाळीस.
हवे होते पंच्याहत्तर.
पुढच्या वर्षीही असंच राहिलं
तर प्रवेश बंद.
पंधरा दिवसांत खुलासा.

आमच्या अध्यक्षांचा बर्फाचा कारखाना आहे देवगडच्या जेटीवर,
शाळेला नाव त्यांच्या वडिलांचं.
फोनवर आकडे दाबून म्हणाले,
"बाई, दोन अर्ज भरलेच नसते
तर सतरात तेरा.
शहात्तरच्या वर!"
लादीवरचा भुसा झटकावा, तसं.

त्या दोघी कोण, हे त्यांनी विचारलं नाही.
एक नफिसा मुजावर. पेपरच्या आदल्या रात्री बाप गेला,
तरी पहाटेची एस्टी पकडून केंद्रावर हजर.
आणि दुसरी शमिका कोयंडे.

शमिकाला शीर सापडते.
खाऱ्या वाऱ्याने चामडं झालेल्या खलाशाच्या हातात
जिथे मी दोनदा टोचून हरले
तिथे ती बोट ठेवते, थांबते,
खालून काही पोहत जायची वाट बघावी तशी,
आणि म्हणते, "हंय आसा."
असतेच.
वॉर्डातले म्हातारे तिला नावाने हाक मारतात,
मला नुसतं बाई.

हे लिहू का खुलाशात?
रकाना नाही त्याला.

रकाना नाही म्हणून मला राग यायला हवा.
येतो, पण पुरता येत नाही.
कारण तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवून मी पाहिली आहे.
हृदयाची गोळी, पॉइंट पंचवीस.
शमिकाने लिहिलं अडीच.
दहापट.
टिंब एक घर सरकलं, बाकी सगळं बरोबर,
अक्षर तर फारच सुरेख.

कणकवलीला, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी,
रात्रपाळीत असंच एक टिंब सरकलं होतं.
सकाळी चार नंबरची खाट रिकामी.
जिच्या हातून झालं ती जिल्ह्यात दुसरी आलेली,
तिच्या शाळेचा निकाल शंभर टक्के.
ती कोण,
हेही खुलाशात येणार नाही.

यंदा वीस अर्ज आहेत टेबलावर.
प्रत्येकावर तळाशी एक ओळ:
प्राचार्यांची शिफारस, होय किंवा नाही.
"जरा निवडून घ्या," अध्यक्ष म्हणाले.
लिलावात बारकी मासळी बाजूला काढतात,
ती कुणी फेकत नाही, फक्त भाव लावत नाहीत.
नफिसाचा होय लिहून झाला.
शमिकाचा अर्ज तीनदा वर घेतला, तीनदा खाली ठेवला.

शेवटी हॉस्टेलवरून तिलाच बोलावलं.
केस ओले, हाताला कोलंबीचा वास,
आईला सोलायला मदत करून आली होती.
"बाई, माका येता सगळा.
लिवताना हात चुकता."
मी विचारलं, सहाशे रुपये किलो सुरमई, पाव किलोचे किती?
माझं वाक्य संपायच्या आत म्हणाली, दीडशे.
आयुष्यात कधी चुकली नसेल.
चुकली असती तर गिऱ्हाईक तिथेच ओरडलं असतं.
वॉर्डात चार नंबरची खाट ओरडत नाही, मी म्हटलं,
आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

कागद पुढे केला.
पाव लिही. आकड्यात.
तिने शून्य काढलं.
मग थांबली, तशीच, शीर शोधताना थांबते तशी.
बाहेर ट्रॉलरमध्ये बर्फ भरत होते, लाद्या घसरल्याचा आवाज.
तिने टिंब दिलं,
इतकं दाबून
की अर्जाचं पान उलटलं तरी
मागून बोटाला लागतंय.